वेबसाइट निकषांत बसते, पण अंध माणसाचं काम होतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइट बनवणारे, कार्यालयांतले लोक, शिक्षक आणि खुद्द अंध वाचक यांच्याकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. मी स्वतः स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरून काम करतो आणि वेबसाइट तपासणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तरांत माझी मतं डोकावणारच. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. डब्ल्यूसीएजी म्हणजे काय? हे नियम कुणी ठरवले?

वेबसाइट अपंग व्यक्तींना वापरता यावी म्हणून डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने केलेली ही मार्गदर्शक तत्त्वं. पहिली आवृत्ती 1999 मध्ये आली, 2.0 ही 2008 मध्ये, 2.1 ही 2018 मध्ये आणि 2.2 ऑक्टोबर 2023 मध्ये. सध्या त्यात 86 निकष आहेत आणि त्यांच्या तीन पातळ्या आहेत: ए, डबल ए आणि ट्रिपल ए. कायदे, निविदा आणि कंत्राटं बहुतेक ठिकाणी डबल ए मागतात, म्हणजे पहिल्या दोन पातळ्यांचे मिळून 55 निकष. उरलेल्या 31 निकषांकडे सहसा कुणी फिरकत नाही. हे ट्रिपल ए चे निकष लक्षात ठेवा, प्रश्न 5 मध्ये ते लागतील.

2. अंध माणूस वेबसाइट वाचतो तरी कसा? सगळं पान वरून खाली ऐकतो का?

नाही. एवढा वेळ कुणाकडे आहे? संगणकावर एनव्हीडीए किंवा जॉज, अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर असे स्क्रीन रीडर असतात. एनव्हीडीए फुकट मिळतो, म्हणून आपल्याकडे तो जास्त दिसतो. त्यात एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की पुढची लिंक, बी दाबलं की पुढचं बटण. पानावरच्या सगळ्या लिंकची किंवा हेडिंगची वेगळी यादीही काढता येते. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, ते काम आम्ही या उड्या मारून करतो. उडी मारायला खुंटीच नसेल तर मात्र ओळ न् ओळ ऐकत बसावं लागतं. आवाजाचा वेग बहुतेकांनी इतका वाढवलेला असतो की शेजारी बसलेल्याला काही कळत नाही.

3. थोडक्यात सांगा, ही तत्त्वं अंधांच्या गरजा पूर्ण करतात का?

दार उघडतात, पण घरात वावरता येईल याची खात्री देत नाहीत.

याला आधार आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 32 अंध वापरकर्त्यांना 16 वेबसाइटांवर नेहमीची कामं करायला दिली आणि अडचणी नोंदवल्या. एकूण 1383 अडचणी निघाल्या. त्यांतल्या जेमतेम निम्म्या, 50.4 टक्के, डब्ल्यूसीएजी 2.0 च्या कुठल्या ना कुठल्या निकषाखाली येत होत्या. बाकीच्यांबद्दल निकषांत काही नव्हतंच. शिवाय काही वेबसाइटांनी सुचवलेला उपाय केलेला होता, तरी अडचण तशीच होती.

पण यावरून 'मग निकष कशाला पाळायचे?' असं म्हणणारे भेटतात, त्यांना माझा ठाम विरोध आहे. निम्म्या अडचणी कमी होणं ही चेष्टा नाही. बटणाला नावच नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ असतं. आणि निकष तरी किती जण पाळतात? वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. 2025 मध्ये त्यांतल्या 94.8 टक्के पानांवर चुका सापडल्या, त्याही फक्त यंत्राला दिसतील अशा.

4. तो अभ्यास जुना आहे. आता 2.2 आली, मग हा आक्षेप शिल्लक राहतो का?

थोडा कमी झाला. 2.1 मध्ये चांगली भर पडली: पानावर काही बदललं, उदाहरणार्थ 'वस्तू पिशवीत टाकली' असा संदेश आला, तर तो स्क्रीन रीडरलाही कळला पाहिजे. 2.2 ने सांगितलं की एकाच कामात तीच माहिती पुन्हा भरायला लावू नका आणि लॉगिनसाठी स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नका. पण गाभा तोच आहे. निकष पानावरच्या घटकांची तपासणी करतात, माणसाचं काम किती वेळात आणि किती त्रासाने झालं हे मोजत नाहीत. डब्ल्यूथ्रीसीने हे लपवलेलं नाही. सर्वांत वरची पातळी गाठली तरी प्रत्येक प्रकारच्या अपंगत्वाच्या माणसाला मजकूर वापरता येईलच असं नाही, हे त्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. ती ओळ निविदा लिहिणाऱ्यांनी वाचलेली नसते, एवढंच.

5. सगळे निकष पाळूनही नेमकं काय राहून जातं?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांबलं आहे.

आधी हेडिंग घ्या. लांबलचक पानावर वाट काढायला स्क्रीन रीडरवाल्यांचा पहिला आधार हेडिंगचा. वेबएमच्या सर्वेक्षणांत वर्षानुवर्षं हेच दिसतं. पण मजकुराचे भाग पाडून त्यांना हेडिंग द्या, हा निकष ट्रिपल ए मध्ये आहे. डबल ए एवढंच म्हणतं की डोळ्यांना हेडिंग दिसत असेल तर ते कोडमध्येही हेडिंग असावं. म्हणजे तीन हजार शब्दांची योजनेची माहिती एकही हेडिंग न देता सलग छापली, तर ते पान डबल ए मध्ये बिनबोभाट पास.

लिंकचंही तेच. 'अधिक वाचा', 'अधिक वाचा', 'अधिक वाचा'. आजूबाजूच्या वाक्यावरून लिंकचा अर्थ लागत असेल तर डबल ए ला चालतं. पण आम्ही लिंकची यादी काढतो तेव्हा आजूबाजूचं वाक्य तिथे नसतं. नुसत्या लिंकवरून अर्थ कळावा, हा निकष पुन्हा ट्रिपल ए मध्ये. लॉगिन गेल्यावर भरलेली माहिती कधी पुसली जाईल हे आधी सांगणं, न विचारता नवी खिडकी न उघडणं, आपण वेबसाइटच्या कुठल्या भागात आहोत हे दाखवणं, सगळं तिथेच. अंध माणसाला रोज लागणाऱ्या गोष्टी वरच्या माळ्यावर टाकल्या आहेत आणि अख्ख्या वेबसाइटसाठी ट्रिपल ए चा आग्रह धरू नका असं तत्त्वं स्वतःच सांगतात. माझ्या मते गफलत इथे आहे.

तिसरी गोष्ट कुठल्याच पातळीत नाही: बडबड. खरेदीचं एक पान डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक वस्तूला फोटोची लिंक, नावाची लिंक, तारांकन, 'आवडीत टाका' बटण, जुनी किंमत, नवी किंमत, सवलत, 'तुलना करा' चौकट. आठ थांबे. पानावर 40 वस्तू असतील तर 320 वेळा बोट सरकवायचं. प्रत्येक थांब्याला नाव अगदी बरोबर दिलेलं आहे, तपासणीत चूक शून्य. पण तुरीची डाळ शोधणारा माणूस विसाव्या वस्तूपाशी फोन खाली ठेवतो आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला फोन लावतो. अहवालात याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

6. आमच्या वेबसाइटला तपासणीच्या टूलने 100 पैकी 100 दिले. आता काळजी नाही ना?

आहे. टूल 'फोटोला वर्णन आहे का' हे पाहतं, 'वर्णन खरं आहे का' हे त्याला नेमकं कळत नाही. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागाने 2017 मध्ये मुद्दाम 140 हून अधिक अडथळे पेरून एक पान बनवलं आणि त्यावर वेगवेगळी टूल्स चालवली. सर्वांत चांगल्या टूललाही 40 टक्क्यांच्या आसपासच अडथळे सापडले आणि 29 टक्के तर एकालाही सापडले नाहीत. शंभर गुण म्हणजे टूलला जे दिसतं त्यात चूक नाही. टूल चालवाच, पण ती सुरुवात समजा. पुढचं प्रश्न 15 मध्ये.

7. फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये काय लिहायचं?

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन. त्यात लिहायचं, फोटो तिथे कशासाठी टाकला आहे ते. एक उदाहरण पुरेल. गणेशोत्सवात मंडळाच्या पानावर वर्गणीसाठी क्यूआर कोड असतो. ऑल्ट टेक्स्ट असतं 'क्यूआर कोड'. शब्द अगदी अचूक, उपयोग शून्य. मी ते पान ज्या फोनवर उघडलं आहे, त्याच फोनने तो कोड स्कॅन कसा करू? खाली मजकुरात यूपीआय आयडी लिहा, खातं कुणाच्या नावाने दिसेल तेही लिहा. डोळस माणसालाही ते हवंच असतं, पण तो स्क्रीनशॉट काढून वेळ मारून नेतो.

निव्वळ सजावटीच्या वेलबुट्टीला ऑल्ट रिकामं ठेवा. रिकामं म्हणजे खरंच रिकामं, त्यात 'इमेज' असं लिहू नका आणि फाइलचं नावही चिकटवू नका.

8. मराठी पानांच्या अडचणी वेगळ्या असतात का?

असतात, आणि त्यांच्याकडे फार कमी लक्ष जातं.

एक, भाषेची खूण. पानाची भाषा कोडमध्ये सांगावी हा अगदी पहिल्या पातळीचा निकष आहे. पण टेम्प्लेट इंग्रजी असतं आणि ती खूण कुणी बदलत नाही. मग इंग्रजी आवाज देवनागरी मजकुरावर येतो आणि एक तर तो गिळून टाकतो किंवा वेडंवाकडं काहीतरी उच्चारतो. चुकून हिंदीची खूण असेल तर 'माझा', 'चांगला' हे शब्द हिंदी वळणाने ऐकू येतात. ते एक वेळ चालवून घेता येतं, गिळलेलं नाही.

दोन, जुने फॉन्ट. हे खरं दुखणं. कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना सुरेख मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं असतात. 'सातबारा' या शब्दाच्या जागी स्क्रीन रीडर वाचतो 'एल के आर सी के जे के'. असे चार परिच्छेद ऐकून पाहा. निकषांच्या भाषेत ही चूक आहेच, कारण तो मजकूर नसून मजकुरासारखं दिसणारं चित्र झालं. पण टूलला आत अक्षरं सापडतात, भाषा सापडते, ते हिरवी खूण करून मोकळं होतं. उपाय एकच: युनिकोडमध्ये टाइप करणं. जुन्या फाइलींसाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण नंतर जोडाक्षरं नजरेखालून घालावी लागतात.

तीन, सही-शिक्क्यासाठी छापून पुन्हा स्कॅन केलेली पत्रकं. आत मजकूरच नाही. सही हवी असेल तर मूळ युनिकोड फाइल सोबत ठेवा.

चार, आकडे. दहा अंकी मोबाइल नंबर सलग लिहिला की काही आवाज तो अब्जांत वाचतात. मध्ये जागा सोडून लिहिला तर ऐकणाऱ्याला टिपून घेता येतो. हे कुठल्या निकषात नाही, पण मिनिटभराचं काम आहे.

9. कॅप्चाला (समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखणाऱ्या परीक्षेला) आवाजाचा पर्याय दिला आहे. तेवढं पुरे ना?

निकषांपुरतं, बऱ्याचदा हो. चित्राचा कॅप्चा असेल तर दुसऱ्या इंद्रियाने सोडवता येईल असा पर्याय द्या, असं डब्ल्यूसीएजी म्हणतं. तो पर्याय म्हणजे बहुधा खरखरीत इंग्रजी आवाजातले अक्षर-आकडे, आणि त्याच वेळी स्क्रीन रीडरही बोलत असतो. दोन आवाजांच्या गोंधळात ज्याचं इंग्रजी बेताचं आहे त्याने काय करावं? ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्यासाठी दोन्ही दारं बंद. 2.2 मधला लॉगिनचा निकषही डबल ए पातळीवर 'बसचे फोटो ओळखा' छाप परीक्षेला सूट देतो. चित्र-आवाजाचा कॅप्चा काढून ओटीपी ठेवलात तर बरं. पण ओटीपी चिकटवू द्या, मुदत तीस सेकंदांची ठेवू नका आणि मुदत संपली तर आधी भरलेला फॉर्म पुसू नका.

10. कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं (वेबसाइट अपंगांना वापरता यावी म्हणून असलेलं) विजेट बसवलं की काम होतं, असं विक्रेता म्हणतो.

पैसे वाचवा. अक्षरं मोठी करणं, रंग पालटणं हे ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये असतंच. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याकडे स्वतःचा आवाज असतो, त्याला तुमच्या पानावर दुसरा बोलका पोपट नको असतो. ॲक्सेसिबी या कंपनीने आपलं विजेट कुठलीही वेबसाइट निकषांत बसवतं असे दावे केले होते. त्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये तिला दहा लाख डॉलर भरायला लावले.

11. भारतात हे पाळणं सक्तीचं आहे का?

हो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये माहिती-तंत्रज्ञान सुगम्य असण्याची तरतूद आहे आणि ती खासगी सेवांनाही लागू होते. सरकारी वेबसाइटांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती 2023 ची. भारतीय मानक आयएस 17802 हेही आहे. या सगळ्यांचा पाया फिरून डब्ल्यूसीएजीच.

अलीकडचे दोन निकाल माहीत असू द्या. राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या अधिनियमाखालच्या नियम 15(1) मधले निकष शिफारशीवजा राहिले आहेत आणि ते मूळ कायद्याशी विसंगत आहे. किमान सक्तीचे निकष ठरवायला सरकारला तीन महिने दिले. प्रज्ञा प्रसून प्रकरणाचा निकाल 30 एप्रिल 2025 चा. बँकेची किंवा सिम कार्डाची डिजिटल केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटा-उघडा म्हणतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी आणि अंधांनी ते कसं करायचं? डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि वीस निर्देश दिले.

मला दुसरा निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथला प्रश्न 'बटणाला नाव आहे का' हा नव्हता. 'माणसाला खातं उघडता येतं का' हा होता. प्रश्न 3 मध्ये म्हटलेला फरक न्यायालयाच्या दारात पोचला तो असा.

12. हे नियम मोबाइल ॲपलाही लागू होतात का?

डब्ल्यूसीएजी लिहिलं वेबसाठी, पण बहुतेक निकष ॲपवर जसेच्या तसे लावता येतात आणि आयएस 17802 तर ॲपसाठीही आहे. आपल्याकडे बहुतेक अंध लोकांचा संगणक म्हणजे त्यांचा फोन, त्यामुळे ॲप आधी तपासा. एक जागा हमखास चुकते: पिन टाकायचा कीपॅड. बटणांना नावं नसली तर पिन टाकता येत नाही. नावं असली आणि इअरफोन नसला तर सगळ्या बसला पिन ऐकू जातो. नेहमीचा सिस्टीम कीबोर्ड ठेवा आणि टाकलेला आकडा मोठ्याने परत उच्चारू नका.

13. पूर्ण अंध आणि अंधुक दिसणारे, दोघांच्या गरजा एकच ना?

मुळीच नाही. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या रंगांत किमान साडेचारास एक एवढा फरक असावा, हा निकष अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. मला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि माझ्या हेडिंगचा त्यांना माझ्याइतका नाही. ते पान चारपट मोठं करून बघतात, तेव्हा 'जतन झालं' हा संदेश वरच्या कोपऱ्यात आला तर तो त्यांच्या पडद्याबाहेर राहतो. ज्यांना ऐकूही येत नाही ते ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या यंत्रावर, वाचतात. त्यावर एका वेळी एकच छोटी ओळ मावते, म्हणून प्रश्न 5 मधली बडबड त्यांना दुप्पट नडते.

14. फॉर्म आमचा आहे, पण पैसे भरण्याचं पान दुसऱ्या कंपनीचं. ते ॲक्सेसिबल नसेल तर दोष आमचा का?

निकषांचं उत्तर स्पष्ट आहे: काम अनेक पानांवर मिळून होत असेल तर ती सगळी पानं निकषांत बसली पाहिजेत, नाहीतर त्यांतल्या एकाही पानाला पास म्हणता येत नाही. फारच थोड्यांना हे माहीत असतं. 'या भागावर आमचं नियंत्रण नाही' असं निवेदन देता येतं, पण ते निवेदनच झालं, पूर्तता नव्हे. आणि पैसे भरण्याची सेवा तुम्हीच निवडलेली असते. करार करण्याआधी स्क्रीन रीडर लावून एक रुपया भरून पाहा. करार झाला असेल तर निदान बँक ट्रान्सफरचा पर्याय आणि दूरध्वनी उचलणारा माणूस द्या.

15. आमच्याकडे अंध तपासनीस नाही. घरच्या घरी काय करू?

माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांवर पूर्ण काम करून पाहा. निम्मी लाज इथेच जाते. मग एनव्हीडीए उतरवून घ्या, मॉनिटर बंद करा आणि तेच काम करा. पण त्यावरून 'अंधांना हे जमणार नाही' असा निष्कर्ष काढू नका. तुम्ही नवशिके आहात, ते नाहीत. तुमची चाचणी चुका सापडण्यापुरती.

16. आता एआय फोटोचं वर्णन करतं. मग ऑल्ट टेक्स्ट, लेबलं हवीत कशाला?

वर्णन करतं, आणि मी रोज वापरतो. 'बी माय आइज' या अंधांसाठीच्या ॲपमध्ये 2023 पासून ही सोय आली तेव्हा आमच्या गटांत दिवाळी होती. पण औषधाच्या डब्यावरची मात्रा एआयने ठामपणे चुकीची सांगितली तर मला ती पडताळता येत नाही. आधार कार्डाचा फोटो परक्या सर्व्हरवर पाठवायचा का, हा वेगळा प्रश्न. आणि ऑल्ट टेक्स्ट लिहिणाऱ्याला फोटो का टाकला हे माहीत असतं, यंत्र अंदाज बांधतं.

17. एका अंध मित्राने पाहून 'चालतंय' म्हटलं. मग झालं ना?

तो मित्र कोण, यावर आहे. वीस वर्षं जॉज वापरणारा प्रोग्रामर नाव नसलेल्या बटणातूनही वाट काढतो, कारण त्याला कोडचा अंदाज येतो. चाळिशीनंतर दृष्टी गेलेली, टॉकबॅक नुकतंच शिकलेली आणि फक्त मराठी आवाज लावणारी बाई त्याच बटणापाशी अडते. दोघांनाही बोलवा. 'वेबसाइट कशी वाटली?' असं विचारू नका, कारण भिडेखातर 'छान' म्हणतात. 'हा अर्ज भरून द्या' असं सांगा, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. आणि या कामाचे पैसे द्या. ऑडिट करणाऱ्या कंपनीला देता तसेच, प्रवासखर्च वेगळा.